शर्टाची दुसरी बाही

“इथं रिकाम्या हातानं बघत बसायचं नाही,” लतिका वर्दे म्हणाली. “येणाऱ्यानं काहीतरी द्यायचं असतं.”

मी लगेच पिशवीतून संत्राबर्फीचा डबा काढला. नागपूर स्टेशनवरच घेऊन ठेवला होता, मुंबईत कुणाकुणाला भेटायचं म्हणून. समोर उभी असलेली तिच्या नृत्यसंचातली आठही तरुण मुलं हसली.

“बर्फी खाऊच,” लतिका म्हणाली, “पण मला हालचाल हवी. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाची. रोजची, साधी. नाचातली नको.”

मुलुंडमधल्या एका शाळेचं ते सभागृह होतं. शाळा सुटली की लतिका तिथं तालीम घ्यायची. ती नृत्य बसवते आणि तिचं काम बघितल्याशिवाय परत येऊ नका, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं बजावलं होतं. लतिका माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. केस बारीक कापलेले, पायात काही नाही, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघायची सवय. मला ते जरा विचित्र वाटलं. पण मुंबईत येऊन आठवडा होत आला होता आणि माझ्याकडे काही मागणारी ती पहिलीच होती, हेही खरं.

यवतमाळला घराच्या पुढच्या खोलीत माझा कथकचा वर्ग होता. नवरात्रात तिथल्या मंडळासाठी मी दरवर्षी एक नृत्यनाटिका बसवायची. बसवायची मी आणि बघायचे ढोक. ढोक म्हणजे माझे यजमान. लग्नाआधी आम्ही एकाच कचेरीत होतो, तेव्हापासून मी त्यांना आडनावानंच हाक मारत आले. नाचातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. संध्याकाळी वीज कंपनीतून आले की चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि शेवटी एकच सांगायचे, “इथं मला कंटाळा आला.” मी चिडायची, भांडायची, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तीच जागा बदलायची.

ते गेल्यापासून दोन वर्षं मी नवीन काही बसवलं नव्हतं. मुलींना जुनेच तुकडे शिकवत होते. मंडळाचे सचिव देशकर घरी येऊन म्हणाले होते, “मॅडम, यंदा तरी नवीन होऊ द्या. नाहीतर आम्ही आर्केस्ट्रा सांगून टाकतो. पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही ते कळवा.” मग मीच ठरवलं की मुंबईला जावं. मोठी माणसं नाटक कसं बसवतात, नाच कसा रचतात ते बघावं. बघून काही सुचलं तर हो म्हणायचं, नाहीतर वर्गाला कुलूप लावायचं आणि पेन्शनवर घरी बसायचं. एवढं माझ्या मनाशी पक्कं होतं.

काही सुचलं नव्हतं. गोरेगावच्या एका नाट्यदिग्दर्शकानं मला तासभर वेळ दिला आणि तो सगळा स्वतःबद्दल बोलण्यात घालवला. दादरला एका नाटकाच्या तालमीत मी दुपारभर मागच्या खुर्चीवर बसून होते. शेजारच्या बाईंनी, “तुम्ही कोणाच्या आई का?” असं विचारलं. मी नाही म्हणाले आणि संभाषण संपलं. हो म्हणाले असते तर निदान गप्पा तरी झाल्या असत्या. संध्याकाळी महिलांच्या विश्रामगृहावर परतायचं, ताटात पडेल ते जेवायचं, आणि दिवसभरात पाहिलेलं कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घ्यायचा, तर लावायचा कुणाला हेच समजत नसे. असं एकटं मला यवतमाळच्या रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

“देताय ना, कुमुदताई?” लतिकानं विचारलं.

“शर्ट घालणारा माणूस चालेल?”

“चालेल की.”

मी त्या आठ जणांसमोर उभी राहिले. एक हात बाहीत सरळ घातला. शर्ट पाठीवरून ओढून घेतला. मग दुसरा हात मागे नेला. तो कमरेच्या जरा वर जाऊन अडकतो, त्याच्यापुढे जात नाही. मान थोडी खाली जाते. बोटं मागच्या मागे चाचपडतात, उघडतात, मिटतात, थांबतात. मग बाही सापडते आणि हात आत जातो.

“झालं,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. लतिका अजून माझ्या त्या दुसऱ्या हाताकडे बघत होती.

“कोण हे?”

“माझे यजमान. खांदा धरला होता त्यांचा.”

“फ्रोजन शोल्डर. माझ्या आईला झाला होता. पण मग दुखरा हात आधी घालायचा, चांगला नंतर. डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात.”

“यांनाही सांगितलं होतं. मी रोज सांगायची. पण चांगला हात आधी घालायचा आणि मग दुखऱ्याशी झटापट करायची. हट्टी माणूस.”

“आणि वर्ष-दीड वर्षात सुटतो तो.”

“यांचा नाही सुटला,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. खरं तर त्या दिवशी एका दिग्दर्शिकेकडे जायचं होतं, पण पाय मुलुंडकडेच वळले. आठही जणांनी पांढरे शर्ट आणले होते. संगीत लावलेलं नव्हतं, नुसता पावलांचा आवाज. आठ जण चालत येत होते, थांबत होते, शर्टात एक हात घालत होते आणि दुसरा मागे नेत होते. आठ हात पाठीमागे चाचपडत होते. कुणालाच बाही सापडत नव्हती. मग ते तसेच, अर्धा शर्ट लोंबता ठेवून, पुढे चालू लागायचे.

मला फार आवडलं. ढोकांची लकब ढोकांना कधीही न भेटलेल्या पोरांच्या अंगात आली होती. विशीतल्या मुली, एक दाढीवाला मुलगा, सगळे ढोक. इथं कुठंच कंटाळा येत नाही, असं मला दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

जुईली नावाची एक उंच मुलगी माझ्याकडे पाठ करून थांबली. तिचा उजवा हात मागे अडकलेला होता. तिच्या पाठीकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, “हा हात नव्हे.”

सगळे थांबले.

“म्हणजे?” लतिका म्हणाली.

“म्हणजे उजवा नव्हे. डावा असेल. तुम्ही उलटं घेतलंत.”

“आम्ही तुम्ही दाखवलात तोच घेतला. काल मोबाइलवर टिपलंय ना, बघा.”

दाढीवाल्या मुलानं मोबाइल आणून दाखवला. त्यात मी होते, पदर खोचलेली, आणि माझा उजवा हात मागे अडकला होता.

“पण मी समोर उभी राहून दाखवत होते,” मी म्हणाले. “मी मुलींना समोरून शिकवते. त्यांनी उजवा उचलायला हवा असेल तर मी डावा उचलते, म्हणजे त्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. आता तो हात आपोआप उलटा होतो माझा.”

“आमच्याकडे तसं नसतं. उजवा दाखवला की उजवाच. मग काल तुम्ही आरशातलं दाखवलंत की खरं?”

“ते आता कसं सांगू? आपोआप होतं म्हटलं ना.”

“बरं, ते सोडा,” लतिका समजुतीनं म्हणाली. “त्यांचा कुठला खांदा दुखायचा?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. डोळ्यांसमोर ढोक आणायला गेले तर पांढरा शर्ट घातलेली जुईली येत होती. ती बाजूला सारली तर दाढीवाला मुलगा. ज्या माणसाला सकाळ-संध्याकाळ बघितलं त्याचा खांदा उजवा होता की डावा, हे मला आठवत नव्हतं.

“काही हरकत नाही,” लतिका म्हणाली. “बघणाऱ्यांना कुठलाही चालेल. आमचं काही अडत नाही.”

“माझं अडतं,” मी म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

विश्रामगृहाच्या खोलीत मी माझाच पुढून बटणांचा स्वेटर घालून बघितला. डावा हात अडकवला, खरं वाटलं. उजवा अडकवला, तेही खरं वाटलं. मोबाइलमधले त्यांचे फोटो काढून बसले. सगळ्यांत ते ताठ उभे होते, दोन्ही हात बाजूला सोडून. फोटोवरून कुठला खांदा दुखतो ते काय कळणार. शेवटी दारव्ह्याला नणंदेला फोन लावला.

“वन्सं, यांचा कुठला खांदा दुखायचा?”

“कोन्ता खांदा म्हंजे?”

“धरला होता ना. उजवा की डावा?”

“उजवा असन,” वन्सं म्हणाल्या. “नाही वो, डावा. का उजवाच होता? मले काय माहीत बाप्पा. तू त्याची बायको, अन् मले इचारून राहिली?”

“आठवत नाही मला.”

“तू मुंबईले जाऊन खांदा कायले आठवून राहिली पण? जेवली का?”

“जेवले,” मी म्हणाले. जेवले नव्हते.

“रडून राहिली का तू?”

“नाही.”

“मंग ये बरं घरी. पुरे झालं आता.”

फोन ठेवल्यावर मी खरंच रडले. माणूस गेला ते दुःख मी सोसलं होतं. लोक भेटायला येत होते, वन्सं महिनाभर राहिल्या होत्या, मुली वर्गाला येत होत्या. पण हे कुणापाशी बोलायचं? त्यांना शर्ट घालताना बघणारी जगात मी एकटी होते. मला आठवलं नाही तर ते कुठंच नव्हतं. आणि ते मी माझ्या हातानं आठ परक्या पोरांना देऊन टाकलं होतं, तेही बहुतेक उलटं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची गाडी होती. देशकरांना नाही म्हणून कळवायचं हे मी सकाळी तोंड धुतानाच ठरवलं. स्वतःच्या नवऱ्याचा खांदा जिला आठवत नाही ती काय कपाळ बसवणार? पण लतिकाचा निरोप न घेता जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून सामान घेऊनच मुलुंडला गेले. रविवारी ते सकाळपासून तालीम करत.

सभागृहात लतिका आणि जुईली दोघीच आलेल्या होत्या. जुईली शर्ट घालून एका खांबापाशी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत होती.

“काकू, बरं झालं आलात,” ती म्हणाली. “मला एक अडलंय. हा हात मागे जातो, अडकतो, ओके. पण मग बाही सापडणार कशी? मी घरी पण करून बघितलं. खांदा खरंच आखडलेला असेल ना, तर ती सापडूच शकत नाही. काकांना कशी सापडायची?”

“मी धरायची,” मी म्हणाले.

लतिका कागदांत काहीतरी बघत होती. तिनं मान वर केली.

“तुम्ही धरायचात?”

“म्हणजे काय. ते असे थांबून राहायचे. मी स्वयंपाकघरातून यायची, हात पुसायची आणि बाही पुढं करायची.”

“हे तुम्ही परवा सांगितलं नाहीत.”

“तुम्ही माणसाची हालचाल मागितली होती. माझी नव्हती मागितली.”

लतिका उठून आमच्यापाशी आली. या वेळी तिनं माझ्या हातांकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं.

“मग धरून दाखवा,” ती म्हणाली. “जुईली, पाठ कर यांच्याकडे. आधी उजवा अडकव.”

जुईलीनं डावा हात बाहीत घातला, उजवा मागे नेला. मी तिच्या मागे उभी राहिले. तिची बोटं चाचपडत होती आणि बाही लोंबत होती. मी बाही पकडली, पण कशी द्यावी ते समजेना. कुठल्या हातानं धरायची, पाय कुठं ठेवायचा, सगळंच चुकत होतं. नवख्या मुलीसारखी मी त्या बाहीशी खेळत राहिले.

“आता डावा,” लतिका हळूच म्हणाली.

जुईलीनं शर्ट काढला आणि उलट्या बाजूनं सुरुवात केली. उजवा हात बाहीत गेला. डावा मागे आला आणि अडकला. मी विचार करत होते की आता कसं उभं राहावं, आणि तोवर माझे हात गेलेसुद्धा. डाव्या हाताच्या दोन बोटांत बाहीचं तोंड, उजवा तळवा कोपराखाली, कोपर जरासं वर, आणि हात आत. मग कॉलरची मागची बाजू नीट केली. खांद्यावरून एकदा तळवा फिरवला. एवढं सगळं झाल्यावर मला कळलं की मी ते केलं.

“डावा,” मी म्हणाले. “डावाच होता.”

मला इतकं हायसं वाटलं की मी जुईलीच्या खांद्यांना धरून उभी राहिले. मी विसरले होते, माझे हात विसरले नव्हते.

“पण काकू,” जुईली माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, “दुखरा हात आधी घातला असता ना काकांनी, तर तुम्हाला यायलाच नको होतं.”

ती सहज बोलून गेली.

मला माळ्यावरची ट्रंक आठवली. ते जायच्या आधीच्या दिवाळीत ढोकांनी स्टुलावर चढून ती ट्रंक काढली होती, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. मी खालून “सांभाळा, पडाल,” म्हणत होते. त्यांचा डावा दंड कुठंही न अडता पार कानाला लागला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हात शर्ट घालताना कमरेशी अडकला, आणि मी पोळी तव्यावर टाकून धावत गेले. वर त्यांना हट्टी म्हणाले. रोजच म्हणत होते. त्यावर त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. नुसते बाहीची वाट बघत थांबायचे.

इतक्या वर्षांत मला हे समजलं नव्हतं. समजलं तेव्हा मी मुंबईत एका परक्या मुलीच्या पाठीमागे उभी होते, आणि ज्यांना विचारायचं ते नव्हते. मला त्यांचा राग आला. रडू आलं. आणि आनंदही झाला, तो लपवण्यात काही अर्थ नाही.

लतिकानं मला पाणी आणून दिलं. मी पिऊन होईपर्यंत ती थांबली.

“डाव्या हातावर घेते मी सगळ्यांना,” ती म्हणाली. “आणि कुमुदताई, मागचं माणूस ठेवू का? आठ जणांतले चार पुढे, चार मागे. बाही धरणारे.”

“नको,” मी म्हणाले. “मागचं मी बसवीन. यवतमाळला.”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की देशकरांना काय कळवायचं ते मी आत्ताच ठरवून टाकलं.

लतिका हसली. “ठरलं. समोरचा माणूस माझा, मागचं माणूस तुमचं. पण मला एवढं सांगा, बाही घातल्यावर पुढे काय व्हायचं?”

“पुढं काय. मी ‘झालं’ म्हणायची. ते मागे वळून बघायचे नाहीत. बटणं लावत लावत निघून जायचे.”

“एकदा पूर्ण करून बघूया? जुईली, पहिल्यापासून. आणि या ‘झालं’ म्हणाल्या की मागे न बघता दारापर्यंत चालत जा.”

जुईलीनं शर्ट काढून पुन्हा हातात घेतला. उजवा हात बाहीत गेला. डावा मागे आला, अडकला, बोटं उघडली, मिटली आणि थांबली. मी दोन पावलं पुढे झाले, बाही धरली, कोपर उचललं. हात आत गेला. मी कॉलर नीट केली, खांद्यावरून तळवा फिरवला.

जुईली माझ्या शब्दाची वाट बघत उभी होती. समोर दार उघडं होतं.

“कुमुदताई,” थोड्या वेळानं लतिका म्हणाली, “‘झालं’ म्हणा ना.”

“म्हणते,” मी म्हणाले. “जरा थांबा.”